रेनो आणि बाकीचे एकोणतीस

हार्थस्टोन या कार्डांच्या खेळात रेनो जॅक्सन हे कार्ड नोव्हेंबर २०१५ मध्ये आलं. सहा मॅनाचा मिनियन, म्हणजे मैदानात उतरून लढणारं कार्ड, हल्ल्याची ताकद चार, हेल्थ सहा. नुसत्या आकड्यांवर त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नसतं. पण त्याच्यावर एक अट लिहिलेली होती: हे कार्ड टाकताना तुमच्या डेकमध्ये कुठल्याही कार्डाच्या दोन प्रती शिल्लक नसतील, तर तुमच्या हिरोची हेल्थ पूर्ण भरेल. एकच हेल्थ उरली असेल तरी थेट तीस.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. दोन खेळाडू, प्रत्येकाचा एक हिरो, त्याला तीस हेल्थ. समोरच्याची हेल्थ शून्यावर आणली की जिंकलात. दर टर्नला एक मॅना वाढत जातो, दहापर्यंत, आणि प्रत्येक कार्ड टाकायला मॅना लागतो. डेक तीस कार्डांचा. एका कार्डाच्या जास्तीत जास्त दोन प्रती ठेवता येतात, लेजंडरी असेल तर एकच. रेनो लेजंडरी होता, पण त्यासाठी पाकिटं फोडत बसायची गरज नव्हती. लीग ऑफ एक्सप्लोरर्स या ४५ कार्डांच्या साहसातला पहिला भाग, टेंपल ऑफ ऑर्सिस, पूर्ण केला की तो हमखास मिळायचा. त्यामुळे एकाच आठवड्यात असंख्य लोकांच्या हातात तेच कार्ड आलं आणि सगळ्यांना एकच प्रश्न पडला: ह्याच्याभोवती काय बांधायचं?

मी तेव्हापासून नव्या कार्डाभोवती डेक बांधत आलोय, आणि या कामात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते रेनोने. नवं कार्ड दिसलं की मन आधी त्याच्या जोडीला काय घालता येईल याकडे धावतं. खरं काम उलट्या बाजूने सुरू होतं. हे कार्ड आपल्याकडून काय काढून घेतंय, ते आधी मोजावं लागतं.

रेनोवर सहा मॅना छापलेले आहेत, पण त्याची खरी किंमत ती नव्हे. डावात पहिला टर्न ज्याचा असतो त्याने सुरुवातीची तीन कार्डं आणि दर टर्नला एक अशी धरली, तर सहाव्या टर्नपर्यंत तो तीसपैकी नऊ कार्डं पाहतो. एखाद्या कार्डाच्या दोन प्रती असतील, तर त्यातली किमान एक तोवर हाती येण्याची शक्यता जवळपास ५२ टक्के. एकच प्रत असेल तर बरोबर ३० टक्के. रेनोसाठी डेकमधली प्रत्येक जोडी फोडायची, म्हणजे आपल्या प्रत्येक चांगल्या कार्डाची शक्यता ५२ वरून ३० वर आणायची. हीच त्याची किंमत. ती एकदा कागदावर मांडली की पुढचे निर्णय सोपे होतात, कारण कुठला क्लास, म्हणजे हिरोचा प्रकार, ही किंमत पेलू शकेल तेवढंच पाहायचं उरतं.

ती पेलली वॉरलॉकने. वॉरलॉकच्या हिरोची स्वतःची ताकद म्हणजे लाइफ टॅप: दोन मॅना द्या, स्वतःची दोन हेल्थ द्या, एक कार्ड उचला. दुसरा कुठलाही क्लास दर टर्नला असं जादा कार्ड घेऊ शकत नव्हता. म्हणजे एकेक प्रतीच्या डेकमध्ये शोधायची ताकद त्याच्याकडे आधीच होती, आणि त्या शोधापायी गेलेली हेल्थ रेनो एका फटक्यात परत करत होता. दोघांच्या गरजा इतक्या चपखल जुळल्या की ‘रेनोलॉक’ हे नाव लगेच रूढ झालं.

आता यादी. वॉरलॉकची नेहमीची कार्डं घेऊन त्यांची एकेक प्रत काढली की डेक होत नाही. भोकं पडलेलं काहीतरी उरतं. मी यादी कामांप्रमाणे करतो. वहीत डाव्या बाजूला कामं लिहायची: सुरुवातीचा मारा थोपवणं, मैदान साफ करणं, मोठ्या मिनियनपुढे भिंत उभी करणं, शेवट करणं. मग प्रत्येक कामासमोर वेगवेगळ्या नावांची कार्डं. मैदान साफ करायला दोन हेलफायर ठेवता येत नाहीत? मग एक हेलफायर, तेव्हा चार मॅनात दोन्ही हिरोंसकट सगळ्यांना तीनचा मार. एक डीमनरॅथ, तीन मॅनात डीमन सोडून सगळ्या मिनियनना दोनचा. आणि एक शॅडोफ्लेम. भिंतीसाठी सनफ्युरी प्रोटेक्टर एक आणि डिफेंडर ऑफ आर्गस एक. दोघंही शेजारच्यांना टाँट देतात, म्हणजे समोरच्याला आधी त्यांच्यावरच हल्ला करावा लागतो; एक दोन मॅनात, दुसरा चार मॅनात आणि वर प्रत्येकाला एकाची वाढ. अट कार्डाचं नाव बघते, काम बघत नाही. रेनोलॉक उभा राहिला तो या फटीतून, आणि यादी करण्यातली खरी मजाही इथेच आहे. एरवी डेकमध्ये ज्यांना जागा मिळाली नसती अशी दुय्यम कार्डं इथे आपापल्या हक्काने येतात.

काही कार्डं मात्र रेनोशी भांडतात. मोल्टन जायंट घ्या. त्या काळी त्याची किंमत वीस मॅना होती, आणि तुमच्या हिरोची जितकी हेल्थ कमी झालेली असेल तितके मॅना त्यातून वजा व्हायचे. दहा हेल्थ उरली की आठ-आठचा राक्षस फुकट. म्हणजे जायंटला तुम्ही मरणाच्या दारात हवे आणि रेनोला तुम्हाला तिथून परत आणायचंय. दोघं एकाच यादीत कसे नांदणार? नांदतात, क्रम पाळला तर. आधी जायंट फुकटात उतरवायचा, त्याला टाँट द्यायचा, आणि पुढच्या टर्नला रेनो. उलट केलंत तर जायंट हातातच सडतो. एक प्रत असल्यामुळे असा सडलेला जायंट एकच असतो, हाही एक फायदाच.

शेवट करण्यासाठी मला सगळ्यात आवडलेली रचना तीन कार्डांची. लीरॉय जेन्किन्स, पाच मॅना, सहाची ताकद आणि उतरल्या उतरल्या हल्ला करण्याची मुभा. त्याच्यावर पॉवर ओव्हरव्हेल्मिंग, एक मॅना, ताकद चारने वाढवून दहा. मग फेसलेस मॅनिप्युलेटर, पाच मॅना, तो त्या फुगलेल्या लीरॉयची हुबेहूब नक्कल होतो. दोघांचे मिळून वीस. बेरीज मात्र अकरा मॅना, आणि मॅना दहाच्या वर जात नाही. इथे एम्परर थॉरिसन लागतो. तो मैदानात असताना टर्न संपला की हातातल्या प्रत्येक कार्डाची किंमत एकाने उतरते. तिघांपैकी एकावर जरी त्याची कृपा झाली तरी अकराचे दहा होतात. चार कार्डं, प्रत्येकाची एकच प्रत, आणि रेनोचा त्यात कुठेही संबंध नाही.

तो संबंध नसणं फार महत्त्वाचं आहे. रेनोसाठी सुरुवातीची तिन्ही कार्डं परत टाकून नवी घेतली, तरी टॅप न करता सहाव्या टर्नपर्यंत तो हातात येण्याची शक्यता ३८ टक्क्यांच्या आसपास जाते. मध्ये दोनदा टॅप केलं तर ४४. म्हणजे अर्ध्याहून जास्त डावांत तो वेळेवर येणारच नाही. ज्या कार्डाच्या नावाने डेक ओळखला जातो, त्याच्याशिवाय बहुतेक सहावे टर्न निभावायचे असतात. म्हणून रेनोचा डेक कसा आहे हे कळायला रेनो न आलेले डाव बघावेत असं माझं ठाम मत आहे. यादीतले ट्वायलाइट ड्रेक, माउंटन जायंट, हेलफायर हे आपल्या बळावर डाव रेटत असतील तर डेक टिकेल. नवं कार्ड आल्यावरच जिंकणारा डेक पहिल्या आठवड्यात थरार देतो आणि दुसऱ्या आठवड्यात लॅडरवर, म्हणजे क्रमवारीत, खाली घसरतो.

आता एक बारीक, पण मला फार प्रिय असलेली गोष्ट. रेनोची अट डेकमध्ये उरलेल्या कार्डांना लागू होती, सुरुवातीच्या यादीला नाही. म्हणजे एखादी जोडी मुद्दाम ठेवता यायची. त्यातलं एक कार्ड हातात आलं की अट पूर्ण. मग ठेवावी का? टॅप सोडून हिशेब केला, तर एक जोडी असताना सहाव्या टर्नला हाती आलेला रेनो ४८ टक्के वेळा चालतो, दहाव्या टर्नला ६७ टक्के. दोन जोड्या केल्या की सहाव्या टर्नचा आकडा २२ वर कोसळतो. पहिल्या जोडीनेच निम्म्याहून जास्त नुकसान केलेलं असतं. समोर धडाधड मारणारे डेक कमी आणि लांबलचक डाव जास्त असतील, तर मी एक जोडी ठेवायचो, बहुधा मॉर्टल कॉइलची. हंटर क्लासचे डेक वाढले की ती लगेच बाहेर. अट पूर्ण झालीय का, हे लक्षात ठेवावं लागत नाही. हातातल्या रेनोची कड हिरव्याऐवजी पिवळी चमकू लागते. टॅप केल्यावर जोडीतलं एक कार्ड येतं आणि त्याच क्षणी शेजारचा रेनो पिवळा होतो. समोरच्याला यातलं काही दिसत नाही.

डेक तपासायला मला मावसभाऊ लागायचा. तो हंटर खेळायचा, समोरच्याच्या हिरोशिवाय दुसरीकडे न मारणारा, आणि नव्या डेकची परीक्षा घ्यायला यापेक्षा चांगला प्रतिस्पर्धी नाही. त्याच्याबरोबरचा एक टर्न सांगतो. माझा सहावा टर्न, माझी हेल्थ नऊ. त्याच्याकडे मैदानात लेपर नोम आणि नाइफ जगलर. माझ्या हातात हेलफायर आणि पिवळा रेनो. सहा मॅनात हेलफायर टाकून वर टॅप करावा असा मोह होतो: मैदान साफ, एक नवं कार्ड, आणि रेनो पुढच्या टर्नला जास्त हेल्थ भरून काढेल. पण मोजून बघा. हेलफायरचे तीन मलाही लागतात, सहा उरले. लेपर नोम मरताना हिरोला दोन देऊन जातो, चार उरले. टॅपचे दोन, दोन उरले. हंटरच्या हिरोची ताकद स्टेडी शॉट, थेट दोनचा मार. हातात एकही कार्ड नसलं तरी तो जिंकला. टॅप सोडला तर चार उरतात, आणि त्याच्या किल कमांड या कार्डाचे तीन अधिक स्टेडी शॉटचे दोन म्हणजे पाच. तेव्हा रेनो आत्ताच.

‘‘टाकलास? अजून एक टर्न थांबला असतास ना.’’

‘‘किल कमांड आहे ना हातात?’’

‘‘आहे की. दोन आहेत.’’

‘‘मग कसा थांबणार रे?’’

मग तो म्हणाला, ‘‘बरं, आता रेनो तळाशी आहे असं समजून खेळू,’’ आणि पुढचे काही डाव रेनो हातात आला तरी तो न टाकता खेळायचं असं आम्ही ठरवलं. डेकची हाडं दाखवणारी ही तपासणी मला आकडेमोडीइतकीच मोलाची वाटते. अँटिक हीलबॉट यादीत कायम झाला तो अशाच डावांत. पाच मॅनात आठच हेल्थ भरतो, पण तो कुठलीही अट घालत नाही.

समोरचेही अर्थात बसून राहत नाहीत. रोग या क्लासकडे बिनीथ द ग्राउंड्स नावाचं कार्ड होतं, प्रतिस्पर्ध्याच्या डेकमध्ये एकसारखी तीन कार्डं पिसून टाकणारं. एरवी ते फारसं कुणी खेळत नसे. रेनोलॉकसमोर मात्र त्या तीन सारख्या कार्डांनी तुमची अटच मोडायची, आणि हातातला पिवळा रेनो पुन्हा साधा व्हायचा. ज्याला तसं करायचंय त्याने आपल्या डेकमधली जागा खर्च करून ते कार्ड बाळगायचं, म्हणजे किंमत त्यालाही होती. मला हे न्याय्य वाटायचं.

एप्रिल २०१७ मध्ये रेनो फक्त नवी कार्डं चालणाऱ्या स्टँडर्डमधून जुनीही चालणाऱ्या वाइल्डमध्ये गेला. त्याआधीच, डिसेंबर २०१६ मध्ये, त्याच अटीवर चालणारे कझाकस आणि राझा आले होते. राझा प्रीस्टच्या हिरोची ताकद फुकट करायचा, आणि २०१७ च्या शॅडोरीपर अँडुइनबरोबर तो इतका भारी झाला की फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याला आवर घालावा लागला. २०२२ मध्ये हार्थस्टोनचे माजी गेम डायरेक्टर बेन ब्रोड यांच्या कंपनीने मार्व्हल स्नॅप हा कार्डांचा खेळ आणला, त्यात तर डेक बारा कार्डांचाच आणि प्रत्येकाची एकच प्रत. तिथे सहाव्या टर्नपर्यंत बारापैकी नऊ कार्डं दिसतात. एक ठरावीक कार्ड ७५ टक्के वेळा हाती येतं, पण ठरावीक दोन्ही कार्डं येण्याची शक्यता ५५ च्या आत. नव्या कार्डाला दुसऱ्या एकाच कार्डाची गरज असली तरी जवळपास निम्मे डाव त्या जोडीशिवाय खेळायचे आहेत, हे तिथे मी पहिल्यांदा लिहून ठेवतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्थस्टोनमध्ये रेनो नव्या रूपात परत आला, आणि अटही बदलून आला. डाव सुरू होतानाच डेकमध्ये जोड्या नसतील तरच तो चालतो. मुद्दाम ठेवलेली मॉर्टल कॉइलची जोडी आता बाद. रोगने काहीही पिसून टाकलं तरी त्याला धक्का लागत नाही. कार्ड यामुळे भरवशाचं झालं हे खरं, पण ४८, ६७ आणि २२ चा सगळा हिशेब त्याबरोबर गेला. जुनी अट मला जास्त आवडते. तीत डेक बांधून झाल्यावरही बांधणं संपत नव्हतं, प्रत्येक टॅपबरोबर ते चालू राहत होतं. म्हणून अशी अट असलेलं कुठलंही नवं कार्ड जाहीर झालं, की त्याचे आकडे बघण्याआधी मी ही अट तपासली कधी जाते ते वाचतो. कार्ड टाकताना तपासली जात असेल, तर पहिली यादी एका जोडीसकटच करतो.