फेब्रुवारीतले जादा शंभर रुपये

महाराष्ट्रात पगारपत्रकात ‘पी.टी.’ म्हणजे व्यवसाय कर नावाची छोटी कपात असते. महिना दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाचे दरमहा 200 रुपये जातात. फेब्रुवारीत मात्र 300. हे जादा शंभर कुठून आले? थेट राज्यघटनेतून! शेती सोडून बाकी उत्पन्नावर कर लावायचा अधिकार केंद्राचा. तरी कलम 276 राज्यांना व्यवसाय कर घेऊ देतं, पण माणशी वर्षाला 2,500 रुपयांपर्यंतच. मूळ घटनेत ही मर्यादा 250 होती, 1988 मध्ये ती दसपट झाली. आता अकरा महिन्यांचे दोनशे आणि फेब्रुवारीचे तीनशे मिळवून पाहा.

पण खरी थक्क करणारी गोष्ट पुढे आहे.

सरकारकडे आलेला कर एकत्रित निधीत जातो आणि तिथे पडलेला रुपया आपलं मूळ गाव विसरतो. पेट्रोलवरचा कोणता, दारूवरचा कोणता, काही कळत नाही. विधिमंडळाने मंजुरी दिल्याशिवाय त्यातला पैसा बाहेर निघत नाही, आणि मंजूर होऊन खर्च न झालेला 31 मार्चला ‘लॅप्स’ होतो. महाराष्ट्राने 1975 साली व्यवसाय कराचा कायदा केला, तो मात्र एका ठरावीक कामासाठी: रोजगार हमी योजनेसाठी.

ही योजना वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघाली. ते विधान परिषदेचे सभापती. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात त्यांनी साठच्या दशकातच ती करून पाहिली होती. मग 1972 चा दुष्काळ आला. त्याच्या ऐन कडाक्यात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, नालाबंडिंग, पाझर तलाव. मस्टरवर नाव लागलं तर घरी चूल पेटायची. दुष्काळ सरला, पण मागेल त्याला काम देण्याचं वचन कायम ठेवायचं तर दरवर्षी पैसा लागणार होता. तो कोणी द्यायचा? ज्यांचं उत्पन्न पावसावर अवलंबून नाही त्यांनी: नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेला रुपया माणदेशातल्या बांधावर मजुरी होऊन पोचावा, ही केवढी मोठी कल्पना!

तिची आखणीही तितक्याच विचाराने झाली. या करातून जेवढी रक्कम येईल तेवढीच सरकारने स्वतःची घालायची आणि दोन्ही मिळून रोजगार हमी निधी उभा करायचा. उरलेला पैसा पुढच्या वर्षी हाताशी राहील अशीही सोय होती. दुष्काळ काही आर्थिक वर्ष बघून येत नाही, हे कायदा करणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं. चांगल्या पावसाच्या वर्षांत मजुरांची मागणी घटे, शिल्लक वाढत जाई आणि त्या शिलकीवर इतर खर्चांचा डोळा राही. मला विचाराल तर ती शिल्लक मजुरांचीच होती, कारण कर त्यांचं नाव घेऊनच गोळा केलेला होता.

रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मागितलं तर पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. काम नसेल तर सरकार मजुराचं देणं लागतं, हे कायद्याच्या भाषेत लिहिलं गेलं. पुढे 2005 मध्ये संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्यामागे महाराष्ट्राचा पाव शतकाहून जुना अनुभव होता.