हाताला लागेल असा साबण

येत्या 15 ऑक्टोबरला शाळाशाळांतून ‘जागतिक हात धुवा दिन’ साजरा होईल. प्रात्यक्षिके होतील, घोषणा होतील, फोटो वरिष्ठांकडे जातील. 2014 साली याच दिवशी मध्य प्रदेशात 12 लाखांहून अधिक जणांनी हात धुऊन गिनीज विक्रमही केला होता. विक्रमाने सवय लागत नाही.

हात कसे धुवायचे हे मुलांना ठाऊक नसते असे नाही. चौथीतले मूल हात धुण्याच्या पायऱ्या घडाघडा म्हणून दाखवते. खिचडीची सुट्टी झाली की तेच मूल ताटली घेऊन थेट रांगेत उभे राहते, कारण नळापाशी साबण नसतो. असला तर मुख्याध्यापकांच्या कपाटात असतो.

बांगलादेशातल्या दोन प्राथमिक शाळांत संशोधकांनी वेगळी वाट धरली. त्यांनी व्याख्यान दिले नाही, तक्ता लावला नाही, जंतूंचे चित्रही दाखवले नाही. शौचालयापासून हात धुण्याच्या जागेपर्यंत पायवाट बांधली, ती भडक रंगात रंगवली, तिच्यावर पावलांचे ठसे काढले आणि नळापाशी हातांचे. बस्स. आधी शौचानंतर साबणाने हात धुणारी मुले 4 टक्के होती. दुसऱ्या दिवशी ती 68 टक्के झाली आणि सहा आठवड्यांनंतर 74 टक्के. हा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. शाळा दोनच होत्या, त्यामुळे त्यावरून सगळ्या जगाचा निष्कर्ष काढू नये. पण पावले टाकत मुले आपणहून नळाशी गेली, मागे कोणी काठी घेऊन उभे नव्हते, हे फार मोलाचे आहे.

आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यातल्या ‘सुपरअम्मा’ मोहिमेनेही रोगांची भीती दाखवणे टाळले. मोहिमेतले घाणेरड्या हातांनी लाडू वळणारे लड्डूलिंगम हे पात्र पाहून पोरांना किळस यायची, आणि मुलांना चांगल्या सवयी लावणारी आई आपलीशी वाटायची. सहा महिन्यांनी मोहीम पोहोचलेल्या गावांत मोक्याच्या वेळी साबणाने हात धुण्याचे प्रमाण 37 टक्के होते. मोहीम न पोहोचलेल्या गावांत 6 टक्के.

हे सगळे कशासाठी? कराचीच्या वस्त्यांमध्ये साबण आणि नियमित प्रोत्साहन दिलेल्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया निम्म्याने घटल्याचे 2005 साली दिसून आले. अतिसारही तसाच घटला. इतका स्वस्त उपाय दुसरा क्वचितच सापडेल.

मग जबाबदारी मुलांवर टाकायची तर आधी साधन त्यांच्या ताब्यात द्यायला हवे. तोटी पहिलीतल्या मुलाच्या उंचीला हवी. साबण जाळीच्या पिशवीत घालून नळालाच टांगला, तर तो हरवत नाही. तो संपत आला की बाईंना सांगायचे काम आठवड्याला एका मुलाकडे द्यावे. घरीही तेच: बेसिनपाशी एक पाट ठेवा आणि मुलाचे हात त्यालाच धुऊ द्या, पाणी सांडले तरी.

पालकांनो, पुढच्या पालकसभेत गुणपत्रकाआधी एक गोष्ट विचारा: शाळेच्या नळावर आज साबण आहे का?