डोमेन नेम घेताना : वर्दळ, पूर्वेतिहास, कागदपत्रे आणि किंमत

डोंबिवलीच्या फडके रोडवर किंवा ठाण्याच्या गोखले रोडवर गाळा घ्यायचा म्हटले, की व्यापारी चार गोष्टींची चौकशी करतो. समोरून ग्राहक किती जातात, पूर्वी तेथे कोण होते, कागदपत्रे कोणाच्या नावावर आहेत आणि मागितलेली रक्कम धंद्यातून वसूल होईल का? डोमेन नेम, अर्थात संकेतस्थळाचा पत्ता, हा इंटरनेटवरील गाळाच होय. कोणी न घेतलेले साधे नाव वर्षाला साधारण हजार-दीड हजार रुपयांत मिळते. आधीच कोणी नोंदवून ठेवलेल्या नावासाठी मात्र लाखांची मागणी होऊ शकते. 'शहराचे नाव आहे, आज ना उद्या भाव येईल' एवढ्याच भरवशावर ती मान्य करण्यापूर्वी हेच चार प्रश्न विचारले पाहिजेत.

वर्दळ कोणाची?

२०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १८ लाख ४१ हजार, तर कल्याण-डोंबिवलीची सुमारे साडेबारा लाख होती. एवढी मोठी शहरे, म्हणजे त्यांच्या नावाला तेवढेच ग्राहक, असे गणित मांडण्याचा मोह होतो. ते फसवे आहे. 'ठाणे' रोमन लिपीत लिहिले, की तोच शब्द जुन्या स्कॉटलंडमधील सरदारांची पदवी होतो. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मुळे तो जगभर ठाऊक आहे. 'कल्याण'ची स्थिती आणखी गुंतागुंतीची. या शब्दाचा शोध घेणाऱ्यांत केरळमधील दागिन्यांच्या पेढीचे ग्राहक असतात, कल्याण रागाचे अभ्यासक असतात आणि मटक्याचे आकडे पाहणारेही असतात. त्या मटक्याचे नाव तर शहरावरून नव्हे, कल्याणजी भगत यांच्यावरून पडलेले. अशी वर्दळ कितीही मोठी असली, तरी पश्चिमेकडील दुकानदाराला तिचा काडीचा उपयोग नाही.

'डोंबिवली'ची अडचण वेगळी. शब्द एकमेव आहे. पण रोमन लिपीत 'व्ही'नंतर 'ए' लिहायचा की नाही, याबाबत एकमत नाही. दोन्ही रूपे प्रचारात आहेत. दूरध्वनीवर पत्ता सांगितल्यावर ऐकणाऱ्याने स्पेलिंग न विचारता तो अचूक लिहिला, तरच नाव उत्तीर्ण झाले असे समजावे. नाव घ्यायचेच असेल तर दोन्ही रूपे घ्यावीत. दुसरे दुसऱ्याच्या हाती असेल तर पहिल्याची किंमत तेवढी कमी धरावी. आद्याक्षरांतही असाच धोका असतो. घोडबंदर रोडला आपण सर्रास 'जी. बी. रोड' म्हणतो, दिल्लीत मात्र याच नावाचा रस्ता वेगळ्याच कारणासाठी कुप्रसिद्ध आहे.

नावातच 'डोंबिवली' आणि 'केटरर्स' असे शब्द असले, की गूगलवर पहिला क्रमांक नक्की, ही समजूतही जुनी झाली. केवळ नाव जुळते म्हणून निकृष्ट संकेतस्थळांना वर स्थान मिळू नये, यासाठी गूगलने २०१२ मध्येच आपल्या पद्धतीत बदल केला. आज अनेक ग्राहक दुकान शोधतात ते नकाशावर, आणि तेथील नोंद विनामूल्य आहे.

शिवाय गावाचे नाव धंद्याला कुंपणही घालते. १९७२ मध्ये स्थापन झालेली ठाणे जनता सहकारी बँक आज टीजेएसबी सहकारी बँक या नावाने महाराष्ट्राबाहेरही काम करते. सीमाही बदलतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि वसईपासून डहाणूपर्यंतचा भाग 'ठाणे जिल्हा' या नावातून एका दिवसात बाहेर पडला. पाच वर्षांनी आपली शाखा कोठे असेल, याचा विचार नाव घेतानाच केलेला बरा.

आधी कोण होते?

जुने डोमेन विकत घेताना त्याचा पूर्वेतिहास पाहावा. 'वेबॅक मशीन' या संग्रहात १९९६ पासूनच्या असंख्य संकेतस्थळांची जुनी पाने विनामूल्य पाहता येतात. त्या पत्त्यावर पूर्वी जुगार किंवा बनावट औषधांची विक्री होत असेल, तर त्याची बदनामी नव्या मालकाच्या वाट्याला येऊ शकते. 'जुने डोमेन आहे, गूगलवर वजन आहे' असे सांगणाऱ्यांपासूनही सावध राहावे. मुदत संपलेली डोमेन केवळ त्यांच्या जुन्या पुण्याईवर वर येण्यासाठी वापरणे, हा गैरप्रकार असल्याचे गूगलने मार्च २०२४ मध्ये जाहीर केले आहे.

कागदपत्रे कोणाची?

नाव नोंदवले म्हणजे त्यावर निर्विवाद हक्क मिळाला, असे नाही. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ'शी एका अक्षराचा फरक असलेले 'रॅडिफ' हे डोमेन वापरण्यास मनाई केली. डोमेन नेमलाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे कुणाच्या प्रसिद्ध नावाशी साधर्म्य असलेले डोमेन ही गुंतवणूक नसून संभाव्य दावा आहे. उलट गाव आणि व्यवसाय एवढेच सांगणाऱ्या नावावर मक्तेदारी मिळणे अवघड असते. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ नुसार केवळ भौगोलिक स्थान दर्शवणारे चिन्ह सहसा नोंदवता येत नाही. शेजारी तसेच नाव 'डॉट इन' लावून घेऊ शकतो, आणि त्याला रोखण्याचा आपला दावा दुबळा ठरतो.

किंमत किती?

आता हिशेब. समजा, डोंबिवलीतील एका शिकवणीवर्गाला शहराच्या नावाचे डोमेन तीन लाखांना देऊ केले आहे. त्यामुळे महिन्याला दहा चौकशा वाढतील, त्यांतील दोघे प्रवेश घेतील आणि प्रत्येकामागे खर्च वजा जाता दोन हजार रुपये उरतील, असे धरू. वर्षाला झाले ४८ हजार. तीन लाख वसूल व्हायला सव्वासहा वर्षे लागतील. वेगळे, लक्षात राहणारे नाव हजारात घेऊन उरलेली रक्कम शिक्षकांवर खर्च केली, तर अधिक विद्यार्थी येतील का, हा खरा प्रश्न आहे. मात्र महिन्याला पाच प्रवेश वाढणार असतील, तर वर्षाचे एक लाख २० हजार होतात आणि तीच रक्कम अडीच वर्षांत भरून निघते. म्हणजे एकच नाव एकाला महाग, तर दुसऱ्याला स्वस्त ठरू शकते. विक्रेत्याच्या आकड्यापेक्षा आपला आकडा आधी काढावा.

मराठी ग्राहकांसाठी २०१४ पासून 'डॉट भारत' या शेवटासह देवनागरी नावही घेता येते. तेथेही अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न आहे, आणि देवनागरी ई-मेल पत्ता सर्वच ठिकाणी स्वीकारला जात नाही. म्हणून ते मुख्य नावाला जोड म्हणून घ्यावे.

एक तपासणी मात्र ज्यांचे संकेतस्थळ आधीच आहे, त्यांनीही आजच करावी. अनेक छोट्या व्यावसायिकांचे डोमेन संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावावर आणि ई-मेलवर नोंदवलेले असते. तो गाव सोडून गेला किंवा संबंध बिघडले, तर वर्षानुवर्षे पाटीवर, पावतीवर आणि रिक्षांच्या मागे छापलेला पत्ता हातचा जातो. नोंदणी स्वतःच्या किंवा संस्थेच्या नावावर करून घ्यावी, पासवर्ड स्वतःकडे ठेवावा आणि नूतनीकरणाची तारीख भाडेकराराच्या तारखेइतक्याच काळजीने लिहून ठेवावी.