रुपयाचा भाव आणि मजुराची मजुरी : आंतरराष्ट्रीय वित्ताच्या पदवीविषयी

बारावीनंतर वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी अलीकडे ‘आंतरराष्ट्रीय वित्त’ हे नाव येऊ लागले आहे. पालक आम्हांस विचारतात, हा विषय नेमका कोणता, त्यातून पोट भरेल काय, आणि मराठी माध्यमातल्या, वसतिगृहात राहून शिकलेल्या मुलाला तो झेपेल काय? प्रश्न रास्त आहेत. घरातले पहिलेच मूल पदवीला जात असेल, तर तीन वर्षे चुकीच्या वाटेवर घालविण्याची चैन त्या घराला परवडत नाही.

विषयाची ओळख करून घेण्यास दूर जावयाला नको. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांचा विचार करू. समजा, एका कारखान्याने परदेशी ग्राहकाकडून एक लाख डॉलरची मागणी स्वीकारली. त्या दिवशी डॉलर ८५ रुपयांना आहे, म्हणजे ८५ लाख रुपये यावयाचे. माल तयार होऊन, न्हावाशेवा बंदरातून जहाजावर चढून, पैसे हाती येईपर्यंत तीन महिने जातात. तोवर डॉलर ८२ रुपयांवर आला, तर तीन लाख रुपये कमी पडतात. कारखान्यात काही बिघडले नाही, कोणी कामचुकारपणा केला नाही, तरी तोटा झाला. तो टाळण्यासाठी कारखाना बँकेशी आधीच ठरावीक दराने डॉलर विकण्याचा करार करतो. त्यास फॉरवर्ड करार म्हणतात. ग्राहक पैसे बुडविणार नाही याची हमी त्याच्या बँकेकडून पतपत्राने, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटने, घेतली जाते. कच्चा माल बाहेरून येत असेल, तर हेच गणित उलट्या बाजूने मांडावे लागते. ही सारी देवघेव समजून घेणे आणि सांभाळणे म्हणजे आंतरराष्ट्रीय वित्त.

पण विषय येथे संपत नाही. रुपया घसरला की निर्यात करणाऱ्या मालकाच्या हाती जास्त रुपये पडतात. त्याच कारखान्यातील कामगाराला मात्र पगार पूर्वीचाच मिळतो, आणि खाद्यतेल व डिझेल महागते, कारण खाद्यतेलाचा आणि डिझेल ज्यापासून बनते त्या कच्च्या तेलाचा मोठा भाग आपला देश बाहेरून आणतो. एकाच घसरणीत एकाचा फायदा आणि दुसऱ्याचा तोटा. ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी शास्त्रशुद्ध रीतीने मांडली, ते आपले बाबासाहेब होत.

बाबासाहेबांना आपण घटनाकार म्हणून ओळखतो, धम्माचे मार्गदाते म्हणून वंदन करतो. त्यांचे मूळ शिक्षण मात्र अर्थशास्त्राचे, याचा आपणांस विसर पडतो. एल्फिन्स्टन महाविद्यालयात पदवीसाठी त्यांचे विषय अर्थशास्त्र व राज्यशास्त्र हे होते. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. १९१८ ते १९२० या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविले, पैसे जमविले व पुन्हा लंडन गाठले. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. तो प्रबंध ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावाने त्याच वर्षी लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

त्या प्रबंधाची पार्श्वभूमी अशी. १८७०च्या दशकाच्या आरंभी रुपया सुमारे दोन शिलिंगांचा होता. रुपया चांदीचा, इंग्लंडचे चलन सोन्याचे. चांदी स्वस्त झाली तसा रुपया उतरत जाऊन १८९२-९३ पर्यंत सव्वा शिलिंगावर आला. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी चांदीसाठी बंद केल्या. घसरत्या रुपयाने निर्यात वाढली, म्हणजे देशाचा लाभ झाला, असे तेव्हा अनेकांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी विचारले, हा लाभ आला कोठून? त्यांनी दाखविले, की भाव वाढतात त्या वेगाने मजुरी वाढत नाही. म्हणून हा लाभ बाहेरून देशात आलेला नसून एका वर्गाने दुसऱ्याच्या खिशातून घेतलेला आहे. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीची बाजू घेतली होती, तिच्यावर त्यांनी निःसंकोच टीका केली. तेव्हा त्यांचे वय अवघे तिशीचे.

येथे एक खुलासा करावासा वाटतो. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच स्थापन केली, असे आपल्या सभांतून सांगितले जाते. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली, हे सारे खरे. परंतु ग्रंथात त्यांचा स्वतःचा आग्रह होता तो नवे रुपये काढण्यावर कायद्याची ठाम मर्यादा असावी, ती गोष्ट सरकारच्या मर्जीवर सोडू नये, असा. त्यांचा मोठेपणा वाढवून सांगण्याची गरज नाही. त्यांनी खरोखर काय लिहिले ते वाचले तरी पुरे.

दुसरे नाव आपल्याच जिल्ह्यातील. महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली व तीतून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया घातला गेला. तेथे भारताच्या शिष्टमंडळात ते होते. रोह्याचे वाणिज्य महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते.

आता व्यवहाराकडे वळू. ‘आंतरराष्ट्रीय वित्त’ हेच नाव असलेली पदवी मिळालीच पाहिजे, असा हट्ट नको. मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत बी.कॉम., तसेच अकाउंटिंग अँड फायनान्स, फायनान्शियल मार्केट्स, बँकिंग अँड इन्शुरन्स असे अभ्यासक्रम आहेत, आणि परकीय चलन व आंतरराष्ट्रीय व्यापार हे विषय त्यांतून शिकता येतात. नव्या धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी व चौथे वर्ष केल्यास ऑनर्स मिळते. गणिताची फार धास्ती घेऊ नये. टक्केवारी, व्याज, प्रमाण व संख्याशास्त्र पक्के असले की निभावते. खरी अडचण इंग्रजीची. तिच्यावर आमच्या मते एकच उपाय: अकरावीपासून रोज इंग्रजी वृत्तपत्राचे अर्थविषयक पान शब्दकोश जवळ ठेवून वाचणे. पहिले दोन महिने कंटाळा येईल, तो येऊ द्यावा.

‘इंटरनॅशनल’ हा शब्द पाटीवर लावून भरमसाट शुल्क घेणाऱ्या संस्थांपासून मात्र सावध राहावे. पदवी कोणत्या विद्यापीठाची, त्यास विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे काय, हे कागदावर पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. साध्या अनुदानित बी.कॉम.पेक्षा विनाअनुदानित अभ्यासक्रमाचे शुल्क बरेच जास्त असते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांस, पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजनेची चौकशी करावी. जातीचा व उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवावा. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ही पदव्युत्तर व पीएच.डी.साठी आहे, पदवीसाठी नाही. तेव्हा पदवी येथेच चांगल्या गुणांनी करून मग तिच्याकडे पाहावे.

नोकऱ्या कोठे? बँकांच्या परकीय चलन विभागात, निर्यातदार कारखान्यांच्या हिशेब विभागात, न्हावाशेव्याच्या मालवाहतूक व सीमाशुल्क कचेऱ्यांत. धाटावच्या फाटकातून आत जाणारी आपली माणसे आजवर बहुधा यंत्रावर उभी राहिली. निर्यातीची कागदपत्रे सांभाळणाऱ्या टेबलापर्यंत फार थोडी पोहोचली.

‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन व भाषणांच्या सहाव्या खंडात आहे. वाचणाऱ्याने तिसऱ्या प्रकरणापासून आरंभ करावा. पहिली दोन प्रकरणे नाण्यांच्या तपशिलाने भरलेली असून नवख्यास जड जातात. मजुरीचा प्रश्न तिसऱ्यात येतो.