बोटीला बंदी, तशी बिडीलाही बंदी : ६१ दिवसांचा मोका



३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन. दुसऱ्याच दिवशी, १ जूनला, पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंदी सुरू होते. तारखा शेजारी आल्या हा योगायोग, पण आपल्या कामाचा. बिडी-तंबाखू सोडायला मच्छीमाराला वर्षात यापेक्षा चांगला मोका मिळत नाही.

पलसाण्यात समुद्र नाही. पण आपल्यातल्या कुणाची बोट किनाऱ्यावर आहे, कुणी खलाशी म्हणून जातो, कुणी तळ्यात जाळं टाकतो, कुणाचा पोरगा कडोदऱ्याच्या मिलमध्ये पाळीवर जातो. बिडी, मावा, तंबाखूची पुडी सगळीकडे पोचलेली आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत गुजरात आणि महाराष्ट्र, दोन्हीकडे साधारण दर चार मोठ्या माणसांत एक जण तंबाखू घेणारा निघाला.

बंदीतच का?

बोटीवर झोप अर्धवट, रात्रभर जागरण, अंगावर वारा आणि प्रत्येकाच्या खिशात बंडल. तिथे एकट्याने सोडणं म्हणजे ओहोटीला उलटं वल्हवणं.

बंदीत माणूस घरी असतो, वेळेवर जेवतो, झोपतो. आता शरीराचा हिशोब बघा. शेवटच्या बिडीनंतर दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात जड जातो. चिडचिड होते, डोकं दुखतं, झोप लागत नाही, सारखी भूक लागते. मग त्रास उतरत जातो आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक संपतो. केंद्राची बंदी ६१ दिवसांची आहे. म्हणजे सगळा त्रास घरीच निपटतो आणि वर महिनाभर हातात उरतो.

निकोटिनच्या गमशिवाय सुटते का?

सुटते. निकोटिनचा गम किंवा पट्टी वाईट नाही, पुष्कळांना त्याचा उपयोग होतो. पण कुणाला खर्च परवडत नाही, कुणाला चव सोसत नाही, आणि मावा-गुटख्याने ज्याचं तोंडच कमी उघडतं त्याला गम चघळता येत नाही. (तोंडात तीन बोटं उभी जात नसतील तर आधी डॉक्टरांना तोंड दाखवा.) अशांनी काय करायचं?

*१. तलफ आली की दहा मिनिटं काढा.* एक तलफ साधारण पाच-दहा मिनिटं टिकते. तेवढ्यात घोट घोट पाणी प्या, लांब श्वास घ्या, चार पावलं झपझप चाला. चालण्याने तलफ तेवढ्यापुरती खाली येते हे अभ्यासातही दिसलंय. हाताला काम द्या: फाटकी जाळी विणायला काढा, बोटीची डागडुजी करा. तोंडात बडीशेप, लवंग, आवळा चालेल.

*२. चहा अर्धा करा.* हे फार जणांना ठाऊक नसतं. बिडीच्या धुरामुळे चहातलं कॅफिन शरीर लवकर बाहेर टाकतं. बिडी बंद झाली की तोच चहा दुप्पट चढतो. मग छातीत धडधड, हात थरथर, झोप नाही. आणि माणूस म्हणतो, बिडी सोडल्यामुळे झालं. शिवाय चहा आणि बिडी ही जुनी जोडी. काही दिवस चहाची जागा आणि वेळ बदला.

*३. सकाळचं पोट.* "बिडीशिवाय पोट साफ होत नाही" ही तक्रार खरी आहे. निकोटिनने आतड्यांना धक्का मिळतो, तो बंद झाला की काही दिवस बद्धकोष्ठ होतं. सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, केळी-पपई आणि थोडं चालणं. आठवड्या-दोन आठवड्यांत गाडी रुळावर येते.

*४. निकोटिन नसलेल्या गोळ्या.* व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या शिफारशीत घेतली आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. फिट येत असेल तर ब्युप्रोपिऑन चालत नाही. आणि दम्याची थिओफिलिनची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर बिडी सोडताना डॉक्टरांना सांगा. डोस बदलावा लागू शकतो.

अदलाबदल म्हणजे सोडणं नव्हे

बिडी सोडून मावा धरला तर निकोटिन तिथेच आहे. नुसती सुपारीही नको. तंबाखू नसली तरी तिच्याने कॅन्सर होतो. "हर्बल" बिडीत तंबाखू नसेल, पण धूर आहे. ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर बंदी आहे. आणि "नकळत चहात टाका, सात दिवसांत व्यसन सुटेल" असल्या पुड्या घरच्यांनी आणू नयेत. आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि घरातला विश्वास जातो तो वेगळाच.

आयाबहिणींनो, मशेरी आणि बजर हीसुद्धा तंबाखूच. दात स्वच्छ होतात हा भ्रम आहे. घरात दोघं मिळून सोडलंत तर दोघांनाही सोपं जाईल.

बोटमालक आणि तांडेल यांच्यासाठी

खरी परीक्षा बोट परत पाण्यात उतरते तेव्हा. घरी दोन महिने सुटलेली बिडी पहिल्याच फेरीत परत येते, कारण बाजूचा ओढतो. म्हणून एकट्याने नको, जोडीने सोडा.

थायलंडमध्ये खेड्यांतल्या २०१ धूम्रपान करणाऱ्यांवर असा प्रयोग झाला, तो २०१३ मध्ये छापून आला. समुपदेशन सगळ्यांना मिळालं. पण काहींच्या जोड्या लावल्या, त्यांनी थोडी रक्कम ठेव ठेवली आणि दोघांनीही सोडलं तर दोघांना बक्षीस ठरलं. सहा महिन्यांनी नुसत्या समुपदेशनाच्या गटात शंभरात १९ जण सुटलेले होते, जोडीच्या गटात ४४.

भिशी आपल्याला नवीन नाही. मग हे करून बघा:

• बंदीच्या पहिल्या दिवशी खलाशांच्या जोड्या लावा.
• रोजच्या बिडीचे पैसे एका डब्यात टाका. रोजचे ३० रुपये धरले तरी ६१ दिवसांचे १,८३० होतात. दोघंही टिकले तर मालकाने वर काही घालावं.
• पहिल्या फेरीच्या राशनमध्ये बिडी-तंबाखू भरू नका. त्या जागी शेंगदाणे, चणे, गूळ भरा.
• डिझेल आणि गॅसची टाकी असलेल्या बोटीवर पेटती बिडी तशीही नकोच.

एखादी ओढली गेली तर?

"आता मोडलंच" म्हणून बंडल विकत घेऊ नका. पुष्कळांना दोन-चार प्रयत्न लागतात. कुठे घसरलो ते जोडीदाराला सांगा आणि दुसऱ्या दिवसापासून परत सुरू करा. फायदा लगेच सुरू होतो: बारा तासांत रक्तातला विषारी कार्बन मोनॉक्साइड उतरतो, वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो.

मदत फुकट आहे. राष्ट्रीय क्विटलाइनचा नंबर १८००-११-२३५६, मराठी-गुजरातीतही बोलता येतं. २०१८ पासून हा नंबर तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो. शेवटचं पाकीट टाकण्याआधी तेवढा नंबर उतरवून घ्या.

तुमचा जोडीदार कोण, ते आजच ठरवा. आणि ही पोस्ट त्यालाच पहिली पाठवा.