दारावरचा डोळा, भिंतीचा आधार

(प्रतिनिधी)

आई-वडिलांचे बैठे घर गावाकडे आणि मुले नोकरीनिमित्त शहरात, ही आता घरोघरची कथा झाली आहे. प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरीही तेच. दुपारच्या वेळी दारावर कोण आले आहे हे कडी काढण्याआधी आईला कळावे, या एकाच हेतूने एका एप्रिलमध्ये त्या घराच्या दर्शनी भिंतीवर व्हिडिओ डोअरबेल बसवण्यात आली. काम अर्ध्या तासात झाले. खोक्यातलेच स्क्रू, खोक्यातल्याच प्लॅस्टिकच्या गिट्ट्या. जुलैत संततधार लागली आणि एके सकाळी फोनवर दार दिसेनासे झाले. दिसत होती ती फक्त ओली फरशी. बेल वायरीला लोंबकळत होती आणि तिच्या पाठीला तळहाताएवढा गिलाव्याचा पोपडा चिकटलेला होता. यंत्र शाबूत होते, स्क्रूही सरळ होते. दगा दिला होता तो भिंतीच्या वरच्या थराने. बेल पुन्हा नीट बसेपर्यंतचे पंधरा दिवस आई पूर्वीसारखीच, न पाहता दार उघडत होती.

व्हिडिओ डोअरबेल विकत घेताना कॅमेरा किती स्पष्ट, बॅटरी किती दिवसांची, याची चौकशी आपण करतो. ती ज्या भिंतीवर बसायची आहे त्या भिंतीची चौकशी मात्र सहसा कोणी करत नाही. म्हणूनच ही बेल गिलाव्याच्या भिंतीवर बसवताना काय होते आणि काय व्हायला हवे, हे थोडे तपशिलात पाहणे आवश्यक ठरते.

खोक्यातले पत्रक कोणाच्या घरासाठी?

या उपकरणाचा प्रसार प्रथम अमेरिकेत झाला. २०१३ मध्ये 'डोअरबॉट' या नावाने बाजारात आलेली बेल पुढे 'रिंग' म्हणून प्रसिद्ध झाली आणि २०१८ मध्ये ॲमेझॉनने ती कंपनी विकत घेतली. साहजिकच अनेक कंपन्यांच्या पत्रकांतील सूचना तिकडची घरे डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या असतात. कॅलिफोर्निया, ॲरिझोनासारख्या राज्यांत घराचा सांगाडा बहुधा लाकडाचा असतो. त्यावर पाणी अडवणारा कागद, त्यावर तारेची जाळी आणि जाळीवर सिमेंटच्या गिलाव्याचे तीन थर दिले जातात. यालाच तिकडे 'स्टको' म्हणतात. त्याची एकूण जाडी साधारण २२ मि.मी. असते. तेथे बेलचा स्क्रू शेवटी लाकडात किंवा त्यामागच्या फळीत जाऊन बसतो आणि जाळीमुळे गिलावाही सहसा एकदम सुटत नाही.

आपल्याकडची भिंत वेगळी. वीट, सिमेंटचा ठोकळा किंवा काँक्रीट, आणि त्यावर थेट सिमेंट-वाळूचा गिलावा. बाहेरच्या बाजूला तो दोन थरांत, साधारण २० मि.मी. जाडीचा करतात, आतल्या बाजूला १२ ते १५ मि.मी. पुरतो. मध्ये जाळी नसते. ती असलीच तर वीट आणि काँक्रीट जिथे मिळतात त्या सांध्यावर. गिलाव्याची पकड केवळ विटेच्या खरबरीतपणावर अवलंबून असते. थोडक्यात, गिलावा हा भिंतीचा अंगरखा आहे, हाडे नव्हेत. अंगरख्याला टाचणी टोचता येते. त्याला वजन टांगता येत नाही.

दोन इंचांचा हिशेब

खोक्यात येणारे स्क्रू अनेकदा इंच-सव्वा इंचाचेच असतात. बाहेरच्या भिंतीवर २० मि.मी. गिलावा असेल, तर २५ मि.मी.च्या स्क्रूचा विटेपर्यंत पोहोचणारा भाग जेमतेम ५ मि.मी. उरतो, बेलच्या तळपट्टीची जाडी वजा केली तर त्याहूनही कमी. म्हणजे सगळा भार गिलाव्यावरच पडतो. बेल वजनाने हलकी असते, हे खरे. पण दिवसातून दहा वेळा तिचे बटण दाबले जाते, बॅटरी भरण्यासाठी ती काढली-घातली जाते, आणि दरवेळी गिट्टी गिलाव्यात किंचित हलते. उन्हाळ्यात भिंत तापून प्रसरण पावते, पावसाळ्यात ओली होते. त्या बारीक हालचालीतून भेग पडते आणि भेगेतून पाणी शिरते.

उपाय सोपा आहे. बाहेरच्या भिंतीसाठी दोन इंची, म्हणजे ५० मि.मी.चा स्क्रू घ्यावा. छिद्र ५५ ते ६० मि.मी. खोल असावे आणि त्याची जाडी गिट्टीच्या क्रमांकाइतकीच असावी. ६ क्रमांकाच्या गिट्टीला ६ मि.मी.चे बिट. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गिट्टी गिलाव्याच्या पृष्ठभागाशी न थांबवता आत, विटेपर्यंत सरकवावी. स्क्रू आवळताना गिट्टी फुगते, हेच तिचे काम. ती विटेत फुगली तर घट्ट बसते. गिलाव्यात फुगली तर गिलावाच फोडते. समुद्राजवळच्या गावांत स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असावेत, अन्यथा गंजाचे ओघळ भिंतीवर उतरतात.

भिंतीत गिट्टी बसवण्याची ही युक्ती तशी जुनी आहे. १९११ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी ती प्रचारात आणली आणि त्यांच्याच नावावरून 'रॉलप्लग' हा शब्द रूढ झाला. पदार्थ बदलले, नायलॉन आले. पण तत्त्व तेच राहिले.

भिंत ओळखावी कशी?

छिद्र पाडण्याआधी बोटाच्या पेराने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने भिंतीवर हलकेच ठोकावे. भरीव आवाज आला तर गिलावा विटेला धरून आहे. 'बद्द' असा पोकळ आवाज आला तर तो आतून सुटलेला आहे. अशा जागी कितीही लांब स्क्रू वापरला तरी ड्रिलच्या हादऱ्याने पोपडा निघू शकतो. तेवढा भाग काढून नवा गिलावा करावा, त्यावर किमान आठवडाभर पाणी मारावे आणि तो वाळल्यावरच बेल बसवावी, किंवा जागा बदलावी.

पुढची ओळख भुकटीवरून पटते. ड्रिल लावताच प्रथम करडी भुकटी येते, ती गिलाव्याची. नंतर लाल भुकटी आली तर मातीची वीट. पांढुरकी, पिठासारखी भुकटी आली आणि बिट लोण्यात शिरावे तसे आत गेले, तर तो हलका सच्छिद्र ठोकळा. बांधकामावर त्याला सरसकट 'सिपोरेक्स' म्हणतात. त्यात ड्रिलचा हातोडा बंद ठेवावा आणि अशा ठोकळ्यांसाठी मिळणारी लांब गिट्टी वापरावी. करडीच भुकटी येत राहिली आणि बिट पुढे सरकायला कुरकुरू लागले, तर दाराशेजारचा काँक्रीटचा कॉलम लागला असे समजावे. तेथे हातोड्याचे ड्रिल लागते. मात्र बिट लोखंडी सळईवर आदळले तर हट्ट न करता छिद्र थोडे सरकवावे.

जुन्या वाड्यांच्या, चाळींच्या भिंतींना बहुधा चुन्याचा गिलावा असतो आणि विटाही नरम असतात. तेथे हातोडा न वापरता आधी बारीक, मग मोठे, असे दोन टप्प्यांत छिद्र पाडावे. कोणत्याही भिंतीवर, छिद्राच्या जागी आधी कागदी चिकटपट्टी लावली तर रंगाचे टवके उडत नाहीत. दाराच्या चौकटीपासून किंवा भिंतीच्या कोपऱ्यापासून दोन-तीन इंच अंतर सोडावे, कारण गिलाव्याचा कोपरा सर्वांत आधी तुटतो. आणि विजेच्या बोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भिंतीतून वायर गेलेली असण्याचा संभव मोठा असतो. ती रेषा टाळावी.

पाण्याला वाट द्यावी, घर देऊ नये

आपल्याकडच्या बहुतेक भिंतींचा खरा शत्रू वजन नसून पाऊस आहे. पाडलेले प्रत्येक छिद्र म्हणजे पाण्याला दिलेले निमंत्रण. गिट्टी बसवण्याआधी छिद्रातली भुकटी फुंकून काढावी आणि छिद्राच्या तोंडाशी थोडे सिलिकॉन भरावे. वायरीचे छिद्र आतून बाहेर किंचित उताराचे पाडावे, म्हणजे पाणी वायरीवरून घरात ओघळत येत नाही.

बाहेरचा रंग खरबरीत पोताचा असेल तर बेलची तळपट्टी भिंतीला सपाट टेकत नाही. ती मागे फट ठेवते किंवा डुगडुगते. अशा वेळी मागे रबराची किंवा फोमची पट्टी घालावी. स्क्रू जोराने आवळून ती टेकवण्याच्या प्रयत्नात तळपट्टी वाकते आणि गिलावा तडकतो. त्यानंतर कडेने सिलिकॉन भरावे, पण वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेलाच. खालची कड मोकळी ठेवावी. चारही बाजू बंद केल्या तर आत शिरलेले थोडेसे पाणी, किंवा भिंतीतली ओल, बाहेर पडायला वाट उरत नाही आणि ती यंत्राच्या पाठीशी साचते. भिंतीचा रंग नंतर काढायचा असेल तर हेही ध्यानात असावे, की साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही.

जुन्या बेलची वायर जोडण्यापूर्वी

गिलावा तडकला तर नुकसान शे-पाचशे रुपयांचे होते. विजेची चूक जिवावर बेतू शकते. अमेरिकेत दाराच्या बेलसाठी छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि बटणापर्यंत साधारण १६ ते २४ व्होल्टचाच प्रवाह येतो. तिकडच्या धर्तीवर बनवलेल्या वायरीच्या बेल तेवढ्याच दाबासाठी असतात. आपल्याकडे मात्र बेलचे बटण थेट २३० व्होल्टच्या घरगुती पुरवठ्यावर असते. जुने बटण काढून त्याच दोन वायरी नव्या बेलला जोडल्या तर यंत्र क्षणात जळेल आणि ओल्या भिंतीवर धक्क्याचा धोका उभा राहील. म्हणून बेल कोणत्या दाबावर चालते हे आधी पाहावे. बॅटरीवरची बेल घेतल्यास हा प्रश्नच उद्भवत नाही; त्या वेळी जुन्या वायरी बंद करून सुरक्षित ठेवाव्यात. वायरीचीच हवी असल्यास योग्य ट्रान्सफॉर्मर परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्यावा आणि काम सुरू करताना मेन स्विच बंद असल्याची खात्री टेस्टरने करून घ्यावी.

उंची, दिशा आणि शेजार

बेल जमिनीपासून सुमारे चार फुटांवर असावी. त्या उंचीवरून येणाऱ्याचा चेहराही दिसतो आणि उंबऱ्याशी ठेवलेले पार्सलही. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दारावर संध्याकाळचे ऊन थेट भिंगात येते आणि चेहरे काळवंडतात; बेल थोडी वळवणारी पाचर मागे बसवली तर फरक पडतो. काँक्रीटची भिंत आणि लोखंडी सेफ्टी डोअर वायफायची ताकद कमी करतात. म्हणून भिंतीला पहिले छिद्र पाडण्याआधी बेल नियोजित जागी हाताने धरून फोनवर चित्र येते का, हे पाहून घ्यावे. छिद्र बुजवता येते. त्याचा डाग मात्र राहतो.

फ्लॅटमध्ये आणखी एक विचार आवश्यक आहे. समोरासमोर दारे असलेल्या जिन्यात आपल्या बेलचा डोळा शेजाऱ्यांच्या घरात पोहोचू शकतो. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या न्यायालयाने २०२१ मध्ये अशाच एका प्रकरणात शेजारणीच्या बाजूने निकाल दिला होता. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे स्पष्ट केले आहे. बाहेरची भिंत आणि जिना सोसायटीच्या सामाईक जागेत मोडत असल्याने सचिवांना आधी लेखी कळवावे, शेजाऱ्यांना चित्र दाखवावे आणि त्यांचे दार झाकण्याची सोय ॲपमध्ये असल्यास ती वापरावी. ज्या शेजाऱ्याच्या भरवशावर आपण घर सोडून जातो, त्याला संशयाने पाहणारा डोळा दारावर लावून सुरक्षितता वाढत नाही.

गावाकडची बेल आता पुन्हा बसली आहे. जागा चार इंच सरकली आहे, स्क्रू दोन इंची आहेत आणि खालची कड मोकळी आहे. त्यानंतरचा पावसाळा तिने निभावला. आई आता फोन हाती घेऊन आधी पाहते, मग कडी काढते. खर्च वाढला तो फार तर एका चहाच्या किमतीचा. तेव्हा बेल बसवायला येणाऱ्याला एवढेच विचारावे, की हा स्क्रू विटेपर्यंत पोहोचतो का? उत्तर 'हो' असेल तरच ड्रिल सुरू करू द्यावे.