डेव्हलपर कुठला घ्यायचा? ऊसफडातल्या एका वाया गेलेल्या रोलवरून

फील्डवर्कसाठी ब्लॅक-अँड-व्हाइट फिल्म वापरायची ठरवली की ज्युनिअर मंडळींचा पहिला प्रश्न असतो, "डेव्हलपर कुठला चांगला?" मलाही तोच पडला होता. उत्तर मी शोधलं दुसऱ्यांचे देखणे फोटो बघून, आणि चूक तिथेच झाली.

माझं काम ऊसतोड कामगारांवर आहे. तोडणी दिवसा चालते, पण मोळ्या वाहून ट्रॅक्टर भरायचं काम कित्येकदा रात्री किंवा पहाटे असतं. उजेड म्हणजे हेडलाइटचा. पहिल्या हंगामात मी इलफर्डची एचपी५ प्लस ही ४०० आयएसओची फिल्म १६०० धरून वापरली. म्हणजे प्रत्येक फ्रेमला दोन स्टॉप कमी उजेड मिळाला. रोल धुतला रोडिनलमध्ये, कारण त्याचा टोकदार ग्रेन मला भारी वाटायचा. निगेटिव्ह टँकमधून बाहेर काढली तर हेडलाइट आणि उसाच्या कडा दाट काळ्या, आणि मोळी घेतलेल्या बायकांच्या चेहऱ्यांच्या जागी जवळजवळ कोरी फिल्म. पुढच्या खेपेला त्यातल्या एकीने विचारलं, "माझा फोटू आणलाय का?" माझ्याकडे तिच्या डोक्यावरची मोळी होती, ती नव्हती.

असं का झालं? फिल्मच्या ज्या कणांवर पुरेसा उजेड पडतो, त्यांचंच रूपांतर डेव्हलपर काळ्या चांदीत करतो. सावलीतले भाग थोड्या वेळात जेवढे उमटायचे तेवढे उमटतात आणि जवळपास थांबतात. उजळ भाग मात्र वेळ वाढवाल तसे दाट होत जातात. त्यामुळे 'पुश' करणं, म्हणजे जास्त वेळ धुणं, याने मुख्यतः कॉन्ट्रास्ट वाढतो. न पोचलेला उजेड कुठलंही रसायन परत आणत नाही. डेव्हलपरमुळे फरक पडतो तो काठावरच्या तपशिलात. आणि माझ्या विषयात माणसांचे चेहरे नेमके त्या काठावर होते.

या नजरेने बघितलं की निवड सोपी होते. रोडिनल फार जुना, १८९१ सालचा. तो पाण्यात २५ किंवा ५० पट पातळ करून वापरतात. बाटली वर्षानुवर्षं टिकते, कडा धारदार येतात. पण ग्रेन लपत नाही आणि फिल्मचा खरा वेग थोडा कमीच मिळतो. भरपूर उजेडात, मंद फिल्मवर तो छानच आहे. रात्रीच्या फडात नाही.

कोडॅकचा डी-७६ १९२७ पासूनचा. इलफर्डचा आयडी-११ जवळपास तोच. डी-७६ मध्ये लिटरला १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असतं, ते चांदीच्या कणांच्या कडा किंचित विरघळवतं, म्हणून ग्रेन मऊ दिसतो. फिल्मचा वेग पूर्ण मिळतो. तेवढंच पाणी घालून वापरला तर धार थोडी वाढते, आणि एकदा वापरून फेकून देता येतो. म्हणजे प्रत्येक रोलला ताजं द्रावण. संशोधनाला ही गोष्ट फार सोयीची. शंका असेल तर इथून सुरुवात करा.

मायक्रोफेनमध्ये फेनिडोन असतं. सावलीत साधारण अर्धा स्टॉप जास्त हाती लागतो. अर्धाच, दोन नाही! म्हणून दुसऱ्या हंगामात मी फिल्म ८०० ला धरली, शटर १/३० वर आणलं, ट्रॉलीला टेकून फोटो काढले आणि मग मायक्रोफेन वापरला. काही फ्रेम हलल्या. चेहरे आले.

आता आपल्याकडची खरी अडचण: पाणी. तक्त्यांमधले वेळ २० अंशांचे असतात. एचपी५ प्लस ४०० ला, आयडी-११ पाणी न घालता, साडेसात मिनिटं. आपल्या नळाचं पाणी उन्हाळ्यात सहज ३० च्या वर जातं. तापमान वाढलं की वेळ घटतो, आणि पाच मिनिटांच्या खाली आलात की फिल्म सारखी धुतली जात नाही, पट्टे पडतात. समप्रमाणात पातळ केलेल्या आयडी-११ ला २० अंशांना १३ मिनिटं लागतात, म्हणून गरमीत तोच बरा. २४ अंशांवरही हाताशी वेळ उरतो. टँक आणि बाटल्या बर्फ घातलेल्या घमेल्यात ठेवा. फिक्सर आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाच्या आसपास हवं. आणि निगेटिव्ह किती वर्षं टिकेल हे फिक्सिंग आणि शेवटच्या धुण्यावर ठरतं. डेव्हलपर निवडण्यात महिना घालवून तिथे घाई करणारे बरेच बघितलेत.

फील्डवर जाण्याआधी एक रोल चाचणीवर खर्च करा. ज्या उजेडात काम करणार आहात तशाच उजेडात एकच दृश्य, एकच एक्सपोजर, सगळा रोल. अंधारात त्याचे तीन तुकडे करून तीन वेगळ्या वेळांना धुवा. चेहरा आणि दिवा दोन्ही ज्यात छापता येतात तो वेळ तुमचा. फिल्म, आयएसओ, प्रमाण, तापमान, वेळ, टँक किती वेळा हलवला, हे सगळं फील्ड डायरीत रोल नंबरसकट लिहा, आणि मग हंगाम संपेपर्यंत डेव्हलपर बदलू नका. डिसेंबरचे चेहरे फेब्रुवारीपेक्षा काळे का दिसतात, असं गाइडने विचारलं तर उत्तर उजेडात शोधायचं की बाटलीत, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

तो फोटो मी तिला तिसऱ्या खेपेला दिला. मायक्रोफेनचा, थोडा हललेला. तिने कोपीच्या कुडाला खोचून ठेवला.